मारुती ८०० च्या इंजिनवर घरी बांधलेली गाडी आणि तिचं पासिंग

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाशिकच्या सिडकोत घराच्या पार्किंगमध्ये २५ एमएमच्या स्क्वेअर पाइपची फ्रेम, भंगारातून घेतलेल्या मारुती ८०० चं इंजिन-गिअरबॉक्स ड्रायव्हरच्या पाठीमागे, दोन सीट, वरून फायबरची बॉडी करायचीय. आता फ्रेम चाकांवर उभी राहिलीय आणि तुम्ही विचारताय की पासिंगला, म्हणजे आरटीओत नोंदणीला, कुठले कागद लागतील. शिवाय एक एजंट म्हणतोय की ८०० ची आरसी आहे ना तुमच्याकडे, मग त्याच आरसीवर "ऑल्टरेशन" दाखवून करून देतो.

मी बरीच वर्षं गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीत होमोलोगेशनला होतो, म्हणजे नवीन मॉडेलच्या टेस्ट करून घेणे, रिपोर्ट, मंजुऱ्या वगैरे, आणि आता अंबडला वर्कशॉप आहे, जुन्या जीपा परत उभ्या करायचं काम करतो. दोन्हीकडची बाजू माहितीय म्हणून सविस्तर लिहितोय, आणि काही गोष्टी ऐकायला आवडणार नाहीत पण आत्ता फ्रेमवर बॉडी चढायच्या आधी ऐकलेल्या बऱ्या.

तुम्ही कागद कुठले असं विचारलंय, पण खरी अडचण त्याच्या आधीची आहे. कायद्याच्या नजरेत या गाडीचा उत्पादक कोण? नवीन गाडी पासिंगला जाते तेव्हा फॉर्म २० हा तुमचा अर्ज, फॉर्म २१ हा विक्रीचा दाखला, आणि फॉर्म २२ हा कंपनीचा दाखला की ही गाडी प्रदूषण, सुरक्षा आणि रस्त्यावर चालण्याच्या नियमांत बसते. इन्शुरन्स त्याच्या बरोबर. यातला फॉर्म २२ सगळ्यात महत्त्वाचा आणि तो कोणीही उठून सही करून द्यावा असा नाही, कारण त्याच्या मागे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२६ उभा आहे. उत्पादकाने आपल्या मॉडेलचा प्रोटोटाइप सरकारमान्य टेस्ट एजन्सीकडे द्यायचा, तिथे पास झाला की मग त्या मॉडेलच्या गाड्या विकायच्या. आपल्या जवळच्या एजन्सी म्हणजे पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. म्हणजे आपल्याकडे मंजुरी मॉडेलला मिळते. एकट्या गाडीला, एका माणसाने स्वतःसाठी बांधलेल्या, तपासून मंजुरी द्यायची अशी खिडकीच आपल्या व्यवस्थेत नाहीये.

तुम्ही बघितलेले ते इंग्लंडचे व्हिडिओ याच कारणाने दिशाभूल करतात. तिकडे इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल, आयव्हीए नावाची तपासणी आहे. घरी गॅरेजमध्ये बांधलेली गाडी घेऊन जायची, तपासनीस ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, आवाज, धूर, सीट बेल्टचे अँकर, अगदी बाहेर आलेल्या धारदार कडासुद्धा बघतो, पास झाली तर नंबर मिळतो. जुन्या लोटस सेव्हन या दोन सीटच्या उघड्या स्पोर्ट्स कारच्या धर्तीच्या कितीतरी गाड्या तिकडे अशाच रस्त्यावर आल्यात. ती व्यवस्था उत्तम आहे, आपल्याकडे यावी असं मला मनापासून वाटतं, पण आज ती नाही आणि त्या व्हिडिओतली एकही पायरी पेठ रोडच्या आरटीओ ऑफिसात लागू पडत नाही.

काउंटरवर प्रत्यक्षात काय होतं ते पण सांगतो. आता सगळं सरकारच्या "वाहन" पोर्टलवर आहे. कंपनी आपलं मंजूर मॉडेल पोर्टलवर चढवते, डीलर एंट्री करताना त्या यादीतूनच मॉडेल निवडतो आणि सीसी, वजन, सीट, इंधन सगळं आपोआप येतं. तुमच्या गाडीसाठी यादीत नावच नाही. क्लार्क कितीही चांगला असला तरी त्याच्याकडे टाइप करायला जागा नाहीये. आणि गाडी तपासायला घेतली तर मोटार वाहन निरीक्षक पहिलं काय मागतात, तर चेसिस नंबर. कागदाची पट्टी नंबरवर ठेवून वरून पेन्सिल घासायची, पेन्सिल प्रिंट म्हणतात त्याला, आणि तो आरसीशी ताडून बघायचा. तुमच्या स्क्वेअर पाइपवर काय नंबर आहे? काहीच नाही, आणि तुम्ही स्वतः पंच मारलात तर ते आणखी वाईट.

आता एजंटचं बोलणं. हा भाग मी लांबवणार आहे कारण नुकसान इथेच होतं.

मारुती ८०० ला वेगळी चेसिस नाही. ती मोनोकॉक गाडी आहे, म्हणजे पत्र्याची बॉडी हीच चेसिस, आणि नंबर इंजिनच्या मागच्या फायरवॉलच्या पत्र्यावर ठोकलेला. तुम्ही इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन काढून घेतलं आणि पत्रा भंगारात गेला, तेव्हा कायद्याच्या भाषेत ती ८०० संपली. इंजिन म्हणजे गाडी नाही. मग एजंट "त्याच आरसीवर करून देतो" म्हणतो त्याचा अर्थ एकच, तो फायरवॉलचा नंबरवाला तुकडा कापून तुमच्या फ्रेमवर वेल्ड करायचा किंवा तोच नंबर नव्याने ठोकायचा. याला ऑल्टरेशन म्हणत नाहीत, ही सरळ फसवणूक आणि बनावट नंबरची केस आहे, आणि ती एजंटवर न होता आरसी ज्याच्या नावावर आहे त्याच्यावर होते.

खऱ्या ऑल्टरेशनचीसुद्धा हद्द ठरलेली आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने मूळ जे स्पेसिफिकेशन दिलंय त्याच्याशी आरसीवरची माहिती जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट सांगितलं. सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किट यांना सवलत आहे पण तेही मंजूर किट हवं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ आलं, बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

आणि दंड तर सोडा. समजा त्र्यंबक रोडला कोणीतरी मध्ये आलं आणि माणूस जखमी झाला. इन्शुरन्स कंपनीचा सर्व्हेअर येणार, पॉलिसी आहे मारुती ८०० ची आणि समोर उभी आहे पाइपची दोन सीटची गाडी जिचं इंजिन मागे आहे. कंपनी हात वर करणार. कोर्टाने जखमी माणसाला आधी पैसे द्यायला लावले तरी कंपनी ते नंतर तुमच्याकडून वसूल करायला मोकळी. त्या रकमेला घर विकायची वेळ येऊ शकते हो, यात मी जरासुद्धा अतिशयोक्ती करत नाहीये.

त्यामुळे एजंटला पैसे दिले नसतील तर देऊ नका. आणि त्या ८०० ची आरसी अजून जिवंत असेल तर कलम ५५ खाली गाडी नष्ट झाल्याचं कळवून ती रद्द करून घ्या, कायद्यात त्याला १४ दिवसांची मुदत दिलीय पण उशीर झाला असला तरी करा. आरसी तुमच्या नावावर ट्रान्सफर झालेली नसेल तर आधीच्या मालकाला बरोबर घ्यावं लागेल. चेसिस नंबरचा कापलेला तुकडा मागतील, तो भंगारवाल्याकडून आणला नसेल तर आजच जाऊन विचारा, कारण पत्रा एकदा प्रेसमध्ये गेला की मिळत नाही. इंजिन घेतल्याची पावती मात्र जपून ठेवा, उद्या कोणी विचारलं की हे इंजिन चोरीचं नाही कशावरून, तर तीच कामाला येते.

मग पुढे काय. हे तुम्हाला या गाडीचं नेमकं काय करायचंय त्याच्यावर अवलंबून आहे. एका वाक्यात "होणार नाही" म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

तुम्हाला जर रोज ऑफिसला किंवा रविवारी पोरांना घेऊन सोमेश्वरला जाता येईल अशी, स्वतःच्या हाताची गाडी हवी असेल, तर या फ्रेमवर ते जमणार नाही, पण रजिस्टर असलेल्या जुन्या गाडीवर जमतं. लॅडर चेसिसवाली, म्हणजे बॉडीखाली शिडीसारखी वेगळी चेसिस असलेली गाडी शोधा, एमएम ५४० किंवा तत्सम जुनी जीप, जिची आरसी जिवंत आहे आणि चेसिसवरचा नंबर स्वच्छ वाचता येतोय. मग तिचा नट न् नट खोला, चेसिस ब्लास्ट करून रंगवा, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) नवीन बसवा, मूळ मापाची बॉडी नवीन पत्र्यात उभी करा, इंजिन त्याच प्रकारचं रीबिल्ड करा. दुरुस्ती आणि मूळ रूपात परत आणणं याला कायदा आडवा येत नाही, हद्द एवढीच की आरसीवर लिहिलेलं इंजिन, इंधन, सीट, व्हीलबेस, बॉडीचा प्रकार बदलायचा नाही. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्यायची. १५ वर्षांनंतरचं री-रजिस्ट्रेशन, पर्यावरण कर, फिटनेस हे आहेच, पण ते सगळं सरळ मार्गाने होतं. हाताने काम करायची जी भूक आहे ना ती यात पूर्ण भागते. अंबड-सातपूरला लेथवाले, गिअर कटिंगवाले, ब्लास्टिंगवाले सगळे हाताशी आहेत, असं गाव सगळ्यांना मिळत नाही.

काही जण २०२१ च्या व्हिंटेज नियमांचं नाव घेतील. ते पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांसाठी आहेत. जुन्या दिसणाऱ्या नव्या गाडीला ते लागू नाहीत, तो विचार डोक्यातून काढा.

तुम्हाला गाडी चालवण्याची मजा हवी असेल, रस्ता नसला तरी चालेल, तर हीच फ्रेम पूर्ण करा आणि ती ऑटोक्रॉस (मोकळ्या मैदानातली वेळेची शर्यत) किंवा ट्रॅकची गाडी करा. एफएमएससीआय ही देशातली मोटरस्पोर्टची फेडरेशन आहे, त्यांच्या नियमपुस्तकात रोल केज, बेल्ट, फायर एक्स्टिंग्विशर, किल स्विच याबद्दल जे लिहिलंय ते आधी वाचा आणि कुठल्या क्लासमध्ये तुमची गाडी बसते ते आयोजकांना विचारून मगच पाइप कापा. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं बाहा एसएई या कॉलेजांच्या स्पर्धेसाठी बांधलेल्या बग्या पिथमपूरला अशाच टेम्पोत टाकून नेत आलीत, त्यांच्या गाड्यांना नंबर नसतो आणि लागतही नाही कारण त्या रस्त्यावर उतरतच नाहीत. तुम्हीही पिकअपवर चढवूनच न्या. दोरी बांधून ओढत नेली तरी चाकं सार्वजनिक रस्त्यावरच असतात. शेतात, गेट बंद असलेल्या खाजगी जागेत चालवणं वेगळं, पण सोसायटीचा रस्ता किंवा कॉलनीचं मैदान हे खाजगी धरू नका, जिथे लोकांना यायचा हक्क आहे ती कायद्याने सार्वजनिक जागाच.

"गावाकडे जुगाड, म्हणजे घरी जोडलेल्या गाड्या, चालतात की" असं कोणीतरी म्हणेलच. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलंय की जुगाड हेसुद्धा मोटार वाहनच आहे आणि त्याला सगळे नियम लागू. आणि सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेची गोष्ट आठवा. तिथल्या एका कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, डिसेंबर २०२१ मध्ये व्हिडिओ सगळीकडे फिरला. आनंद महिंद्रांनी तोंडभरून कौतुक केलं, पण त्याच वेळी लिहिलं की ही गाडी नियमात बसत नसल्याने कधी ना कधी अडवली जाणारच, आणि बदल्यात बोलेरो देऊ केली, जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. एवढ्या मोठ्या कंपनीच्या प्रमुखालाही त्या जीपला नंबर मिळवून देणं हा मार्ग सुचला नाही, कारण तसा मार्ग नव्हता.

तिसरी वाट म्हणजे स्वतःच उत्पादक व्हायचं. ही खरी आहे, बंद नाही, पण ती हौसेची न राहता धंद्याची होते. कंपनी स्थापन करायची, १७ अंकी व्हीआयएनसाठी (चेसिस नंबरसाठी) उत्पादकाचा कोड घ्यायचा, प्रत्येक सुरक्षेचा भाग, काच, आरसे, दिवे, टायर, बेल्ट, हॉर्न मंजूर घ्यायचा, मग ब्रेक, आवाज, स्टिअरिंग, धूर, इलेक्ट्रिकल अशा टेस्ट, आणि नंतर उत्पादन त्याच दर्जाचं चालू आहे ना याची वेळोवेळी तपासणी. कारसाठी ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्या मॉडेलना क्रॅश टेस्ट आहे, समोरून ताशी ५६ किमीने. एकच गाडी बांधलेल्या माणसाने तीच आपटून दाखवायची असं होतं ते. शिवाय १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम. ८०० चं ते ७९६ सीसीचं इंजिन बीएस-४ मध्येसुद्धा न आणता मारुतीने २०१० मध्ये मोठ्या शहरांत गाडीची विक्री थांबवली आणि २०१४ मध्ये उत्पादनच बंद केलं, तर आपण घरच्या ईसीयूवर (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर) ते बीएस-६ मध्ये नेऊ ही आशा ठेवू नका. म्हणूनच छोटे उत्पादक बहुतेक करून इलेक्ट्रिक तीनचाकीकडे वळतात, तिथे धुराचा प्रश्नच नाही आणि टेस्टचा पसारा कमी. तुम्हाला पुढे खरंच उद्योग करायचा असेल तर त्या दिशेने बोलू, पण या गाडीसाठी नाही.

इलेक्ट्रिक मोटर टाकली तर नंबर लागत नाही असंही तुम्ही कुठेतरी वाचलंय. ती सूट ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किमीच्या आतल्या वाहनाला आहे, त्यालाही एजन्सीची मंजुरी लागते. तेवढ्या मोटरवर तुमची गाडी सिडकोचा चढ चढणार नाही.

मी तुमच्या जागी असतो तर ही गाडी ट्रॅकसाठी पूर्ण केली असती आणि रस्त्यासाठी वेगळी जीप बघितली असती. ट्रॅकची आहे म्हणजे कशीही चालेल असं मात्र नाही. तुमच्या फोटोत दोन गोष्टी मला खटकल्या त्या सांगतो.

एक, तुम्ही ८०० चं पुढचं अख्खं असेंब्ली उचलून मागे बसवलंय. चांगली कल्पना, सगळे तसंच करतात. पण पुढे असताना त्या नकलला (ज्यावर चाक बसतं तो भाग) स्टिअरिंगचा टाय रॉड धरून होता, मागे तो फ्रेमला फिक्स करावा लागतो, आणि तुम्ही तो कुठेतरी सोयीच्या जागी वेल्ड केलेला दिसतोय. त्या रॉडची लांबी आणि आतल्या टोकाची उंची लोअर आर्मशी (चाकाला फ्रेमशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याशी) जुळली पाहिजे, नाहीतर चाक वर-खाली होताना टो (चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन) बदलतो, म्हणजे खड्ड्यात गेल्यावर मागचं चाक आपोआप वळतं. वळणावर गाडी फिरून जाते ती यानेच. स्प्रिंग काढा, जॅकने चाक पूर्ण खाली ते पूर्ण वर न्या, रिमला सरळ पट्टी बांधून टो मोजत जा, फरक एक-दोन मिलीमीटरच्या वर गेला तर ब्रॅकेट हलवा.

दोन, ब्रेक. ८०० चं वजन पुढे होतं म्हणून तिची सिस्टीम पुढच्या चाकांना जास्त जोर देते. तुमच्या गाडीत वजन मागे गेलंय, पुढचा भाग हलका. तीच सिस्टीम तशीच ठेवली तर पुढची चाकं लवकर लॉक होणार आणि मागची नुसती फिरत राहणार, स्टिअरिंग हातात असून गाडी सरळ जाणार. पुढे-मागे वेगळे मास्टर सिलिंडर आणि मध्ये बायस बार (पुढे-मागे ब्रेकचा जोर वाटणारा दांडा) लावा. पण बायस असा ठेवा की ओल्या मैदानावर जोरात दाबलं तर पुढची चाकं मागच्यांच्या किंचित आधी लॉक व्हावीत, मागची आधी लॉक झाली तर गाडी गोल फिरते. बेल्टचे अँकर पण पातळ पट्टीला नको, खाली रुंद प्लेट देऊन ७/१६ इंचाचेच बोल्ट वापरा.

तुम्ही बांधलेली फ्रेम सुंदर आहे, वेल्ड बघून कळतं की घाई केलेली नाही, म्हणूनच हे सगळं लिहावंसं वाटलं. आता मला दोन गोष्टी कळवा, ती आरसी सध्या कोणाच्या नावावर आहे, आणि मागच्या टाय रॉडचे फोटो टाका, आतलं टोक आणि लोअर आर्मचा बोल्ट दोन्ही एका फोटोत दिसतील असे, शेजारी मोजपट्टी धरून. ब्रॅकेट कुठे सरकवायचा ते त्याच्यावरून सांगतो.